नेटबुकला न झेपणारी सिस्टम घालताना

चवथीची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरची, कपाटातली जुनी नेटबुकं, म्हणजे ते छोटे स्वस्त लॅपटॉप, बाहेर येतात, आणि त्यांच्याबद्दलचे प्रश्न पण. यावेळचे बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, कंपनी म्हणते ही सिस्टम या मशीनवर चालणार नाही, तरी घालायचीच आहे. तर एकेक घेऊया.

डिचोलीहून एक वाचक विचारतात: 2010 चं नेटबुक आहे, प्रोसेसर ॲटम एन450, रॅम 2 जीबी, विंडोज 7 स्टार्टर. मुलगा म्हणतो टीपीएम या सुरक्षा चिपचा चेक बायपास करून विंडोज 11 घालता येतं. घालू का?

नको. मुलगा म्हणतो ते अर्धं बरोबर आहे म्हणूनच नीट सांगतो. "सपोर्ट नाही" या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक असतं फाटक, कंपनीने बंद केलेलं, टीपीएम 2.0 पाहिजे, सिक्युअर बूट पाहिजे, 4 जीबी रॅम पाहिजे, हे सगळं इन्स्टॉलर फक्त तपासत असतो आणि रूफस या टूलने पेन ड्राइव्ह बनवताना एक टिक मारली की तो तपासायचं सोडून देतो. दुसरी असते चिऱ्याची भिंत. विंडोज 11 चं 24एच2 व्हर्जन आलं 2024 मध्ये, तेव्हापासून प्रोसेसरला एसएसई 4.2 आणि पॉपकाउंट या इन्स्ट्रक्शन्स यायलाच पाहिजेत. तुमच्या ॲटमला त्या येत नाहीत, त्याची धाव एसएसएसई 3 पर्यंत. तिथे काहीही टिक मारा, विंडोज बूटच होणार नाही, कारण जी भाषा प्रोसेसर शिकलेलाच नाही त्या भाषेत त्याला काम सांगितलं जातंय.

त्यापेक्षा जुनं विंडोज 11 शोधून घातलं तर कदाचित चढेल पण, मग 2 जीबी रॅममध्ये स्टार्ट मेनू उघडेपर्यंत चहा होतो, आणि रॅम वाढवायचा मार्ग नाही, एन450 ची मर्यादाच 2 जीबी आहे. विंडोज 10 म्हणाल तर त्याचा पण नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

चांगली बातमी अशी की एन450 हा 64 बिट आहे, त्यामुळे डेबियन 13 सारखं आजचं लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी घालायची फुकट सिस्टम, त्यावर सरळ चढतं. डेस्कटॉप हलका घ्या, एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई. आणि पैसे घालायचेच असतील तर एका साध्या साटा एसएसडीवर घाला, फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की मशीन बदलल्यासारखं वाटतं, बाकी कुठल्याही उपायाने एवढा फरक पडत नाही हे मी खात्रीने सांगतो.

म्हापशाहून एक वाचक: भावाने खूप वर्षांपूर्वी डेल मिनी 9 वर मॅकची स्नो लेपर्ड ही सिस्टम घातली होती, मस्त चालायची. आता बाहेर काढून अपडेट केलं आणि तेव्हापासून चालूच होत नाही. आत आमच्या आजीचे फोटो आहेत.

आधी फोटो. नेटबुकवर काहीही नवीन इन्स्टॉल करू नका, "डिस्क इरेज" असं काही दिसलं तर हात काढून घ्या. पेन ड्राइव्हवर कुठलंही लाइव्ह लिनक्स घ्या, पण 32 बिटचं, कारण मिनी 9 मधला एन270 हा फक्त 32 बिट आहे. पेन ड्राइव्हवरून बूट करा, इन्स्टॉल न करता. मॅकची डिस्क लिनक्सला वाचता येते, बहुतेक वेळा फक्त वाचताच येते, लिहिता येत नाही, आणि तुमच्या कामाला ते उत्तमच आहे कारण चुकून काही पुसलं जाणार नाही. यूजर्स नावाच्या फोल्डरमध्ये भावाच्या नावाचं फोल्डर असेल, त्यात पिक्चर्स. परवानगी नाही म्हणून अडलं तर फाइल मॅनेजर रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार घेऊन, उघडा. फोटो दोन ठिकाणी कॉपी करा, एका नाही, आणि दोन्हीकडे चार चार फोटो उघडून बघा.

आता झालं काय ते. मिनी 9 आला 2008 मध्ये, 8.9 इंची स्क्रीन, आत पंखासुद्धा नाही, आणि त्याकाळी मॅक घालायला हेच नेटबुक लोकांचं सगळ्यात आवडतं होतं कारण आतले बरेच पार्ट मॅकला ओळखीचे निघाले. ॲपलने मात्र हे कधीच मान्य केलेलं नाही, त्यांच्या लायसन्समध्ये ही सिस्टम ॲपलच्याच मशीनवर चालवायची असं स्पष्ट आहे. नोव्हेंबर 2009 मध्ये स्नो लेपर्डचं 10.6.2 चं अपडेट आलं आणि त्यातल्या कर्नलने, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याने, ॲटमला ओळखणंच बंद केलं. भावाने तेव्हा बदललेला कर्नल घातला असणार, तुमच्या अपडेटने त्यावर ॲपलचा मूळ कर्नल बसला, खेळ संपला.

परत उभी करता येते का, येते, पण कशाला? स्नो लेपर्डचं शेवटचं व्हर्जन 10.6.8, 2011 चं. त्यापुढच्या लायन या मॅक सिस्टमला 64 बिट प्रोसेसर लागतो, तुमच्याकडे तो नाही. म्हणजे पुढे परत भिंतच आहे. फोटो निघाले की तिथे ॲंटिएक्स हे हलकं लिनक्स घाला, 32 बिटचं येतं, 512 एमबी रॅमवर पण उभं राहतं.

वाळपईहून एक शिक्षिका: डेबियन 12 घालतेय, अर्ध्यावर "रिलीज फाइल अजून व्हॅलिड नाही" असं येऊन थांबतं. तीन वेगवेगळे पेन ड्राइव्ह झाले.

बाय, पेन ड्राइव्ह टाकून देऊ नका, त्यांचा काही दोष नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन तारीख बघा. मला वाटतं तिथे 2009 नाहीतर असंच काहीतरी जुनं साल असेल. डेबियनच्या सर्व्हरवरची फाइल म्हणते मी अमुक तारखेपासून खरी, आणि तुमचं मशीन म्हणतं ती तारीख उजाडायची आहे, मग ते नाकारतं. ब्राउझरमध्ये प्रत्येक साइटला सर्टिफिकेटचा एरर येतो त्याचं पण कारण बऱ्याचदा हेच.

तारीख हाताने घाला, इन्स्टॉल होऊन जाईल. पण बंद करून वायर काढली की परत मागे जाईल, कारण आतली छोटी बॅटरी गेलीय. ती असते आपली नेहमीची सीआर2032, काही छोट्या रिमोटमध्ये असते तशी चपटी गोल, फक्त बऱ्याच नेटबुकांत ती प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळून दोन वायरी लावून आत चिकटवलेली असते म्हणून लोकांना ओळखू येत नाही. मागच्या पावसात माझ्या टेबलावर एक आलं होतं, त्या बॅटरीच्या कडेने हिरवट पांढरी भुकटी जमलेली आणि मीटरवर 3 च्या जागी जेमतेम 1 व्होल्ट. आपल्याकडची दमट हवा कपाटात बराच काळ मिळाली की हे होऊ शकतं. उघडलंच आहे तर मोठी बॅटरी पण बघून घ्या, टचपॅड वर उचललेला किंवा तळ फुगलेला दिसला तर ती बॅटरी काढून ठेवा, चार्जिंगला अजिबात लावू नका.

आणि एक, इन्स्टॉल चालू असताना वाळपईत लाइट जाणार हे धरूनच चला. जुनी बॅटरी दोन मिनिटंसुद्धा धरत नाही, त्यामुळे इन्व्हर्टरच्या प्लगवर लावूनच काम सुरू करा.

काणकोणहून: लिनक्स बसलं पण वायफाय दिसत नाही, आणि सेटिंगच्या खिडक्या एवढ्या उंच की खालचं ओके बटण स्क्रीनच्या बाहेर जातं.

वायफायचं कार्ड ब्रॉडकॉमचं असणार, त्याचं फर्मवेअर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, वेगळं उतरवावं लागतं आणि उतरवायला नेट लागतं, तिथे माणूस अडकतो. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, नेटबुकला ते वायरचं नेट वाटतं आणि लगेच चालतं. मग ब्रॉडकॉमच्या बी43 ड्रायव्हरचं फर्मवेअर इन्स्टॉलर पॅकेज घाला, रीस्टार्ट.

ओके बटणासाठी अल्ट दाबून धरा आणि खिडकी कुठेही पकडून माउसने वर ओढा, ती स्क्रीनच्या वर जाते. नेटबुकची उंची 600 पिक्सेल, खिडक्या बनवणाऱ्यांच्या डोक्यात निदान 768 असतात.

फोंड्याहून, भजनी मंडळासाठी: जुन्या एन270 च्या नेटबुकवर ॲंटिएक्स घातलं, अभंगांची वही मराठीत टाइप करायची आहे. जमेल का?

जमेल, आणि या वयाच्या मशीनला यापेक्षा चांगलं काम मला सुचत नाही. लोहित देवनागरी फॉन्ट घाला, कीबोर्डच्या यादीत इंडियन खाली देवनागरी निवडा. तो इनस्क्रिप्ट असतो, केवर क, एचवर प, एनवर ल आणि शिफ्ट धरलं की ळ. पहिले चार दिवस बोटं अडखळतील, पण स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला आहेत एवढं ध्यानात आलं की हात बसतो. लिब्रेऑफिस पहिल्यांदा उघडायला बराच वेळ घेतं तेव्हा परत परत क्लिक करू नका, नाहीतर ते दोनदा उघडून रॅम संपवेल. सगळे अभंग एकाच फाइलमध्ये न ठेवता पंचवीस पंचवीसचे गट करा, आणि रोज उठताना पेन ड्राइव्हवर एक कॉपी.