डोमेन नावांच्या खरेदी-विक्रीवर घर चालतं का?

प्रश्न असा आहे: "मी ऐरोलीत राहतो, आयटीत नोकरी करतो. चाळीसेक डोमेन नावं घेऊन ठेवली आहेत, त्यातली बरीच नवी मुंबई विमानतळाशी संबंधित आहेत. नोकरी सोडून हाच धंदा पूर्ण वेळ करावा, की जोडधंदा म्हणूनच ठेवावा?"

डोमेन नाव म्हणजे वेबसाइटचा पत्ता. तो आधी नोंदवून ठेवायचा आणि पुढे ज्याला हवा त्याला विकायचा, असा हा धंदा. जोडधंदा म्हणून जरूर करा. नोकरी मात्र सोडू नका, निदान एवढ्यात तरी नाही. मी ठाण्यात राहून, नोकरी सांभाळून हे काम बरीच वर्षं करतोय आणि मला ते मनापासून आवडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या धंद्याबद्दल जे काही कानावर येतं ते विक्रीबद्दलच असतं. २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम तीन कोटी डॉलरला गेलं. २०२३ मध्ये हबस्पॉट या सॉफ्टवेअर कंपनीचे सहसंस्थापक धर्मेश शहा यांनी चॅट डॉट कॉम दीड कोटी डॉलरहून जास्त देऊन घेतलं, पुढे ते चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयकडे गेलं. बातम्या खऱ्या आहेत, पण अशी एका शब्दाची डॉट कॉम नावं कधीच संपली. तुमचा-माझा धंदा ठरतो तो रिन्यूअलवर. नाव विकलं जाईपर्यंत त्याचं भाडं दरवर्षी भरावंच लागतं.

हिशेब मांडून बघा. समजा तुमच्याकडे २०० नावं आहेत आणि जीएसटी धरून एकेकाचं रिन्यूअल १,२०० रुपये. म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार रुपये नुसते ठेवण्याचे. या धंद्यातली जाणती माणसं वर्षाला शंभरातली एक ते दोन नावं विकली जातात असं धरून चालतात. म्हणजे दोनशेत तीन. प्रत्येकी सरासरी १,५०० डॉलर मिळाले, डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर ३ लाख ८२ हजार होतात. त्यातून नावं जिथे विकली जातात त्या ऑनलाइन बाजारपेठेचं २० टक्के कमिशन गेलं की उरतात ३ लाख ६ हजार. रिन्यूअल वजा करा, हातात राहतात ६६ हजार. वर्षाचे! आणि हे नावं बरी असतील तर. त्यातही तीनही विक्री एप्रिल-मे मध्ये होतील आणि नंतर मार्चपर्यंत शुकशुकाट, असंही होतं. घराचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो.

म्हणून या धंद्यात खरं कसब लागतं ते कोणतं नाव सोडून द्यायचं हे ठरवायला. घेताना सगळ्यांनाच हुरूप असतो. मी रिन्यूअलची तारीख यायच्या दीड-दोन महिने आधी नाव समोर ठेवतो आणि कागदावर लिहितो की हे नाव आज कोणकोणत्या कंपन्या घेऊ शकतील. कंपनीचं नाव, गाव, धंदा, आत्ता वापरात असलेलं डोमेन. अशा दहा कंपन्या लिहून झाल्या नाहीत, तर रिन्यू करत नाही. ‘कधीतरी कुणीतरी घेईल’ या आशेवर १,२०० रुपये भरत राहणं म्हणजे गिऱ्हाईक नसलेल्या गाळ्याचं भाडं भरण्यासारखं आहे.

गिऱ्हाईक कसं विचार करतं ते एका फोनवरून सांगतो. वागळे इस्टेटमधल्या पावडर कोटिंगच्या एका कारखानदारांना मी त्यांच्या कामाचं थेट वर्णन करणारं, दोन शब्दांचं डॉट इन नाव दाखवलं होतं. ते म्हणाले, "अहो साहेब, वेबसाइट आहे की माझी. भाच्याने बनवून दिलीय." मी विचारलं, तुमचा ईमेल पत्ता काय? तो होता जीमेलचा, मागे चार आकडे. मग मी एवढंच म्हटलं की पुण्याच्या मोठ्या कंपनीत तुमचं कोटेशन जातं तेव्हा तिथला खरेदी विभाग तो पत्ता बघतो. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ते मात्र खरंय. मागच्याच महिन्यात एकाने विचारलं, कंपनीचा मेल नाही का म्हणून." सौदा तिथे झाला. त्यांना डोमेनमध्ये रस नव्हता, कोटेशनला वजन यावं यात होता. आपल्या भागात वागळे, महापे, रबाळे, तळोजा इथे अशी माणसं खूप आहेत. ती लाखात पैसे देणार नाहीत, पण काही हजार नक्की देतात, आणि त्यांना ईमेलची जोडणीही करून दिलीत तर त्याचे वेगळे देतात. पूर्ण वेळचं स्वप्न असेल तर माझ्या मते त्याचा पाया इथे आहे. नुसती नावं धरून बसण्यात नाही.

आता तुमच्या विमानतळाच्या नावांबद्दल. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली आणि त्याच्या कितीतरी आधीपासून लोक ही नावं घेत सुटले होते. टॅक्सी, पार्किंग, हॉटेल अशी वर्णनाची नावं असतील तर उलवे-पनवेलच्या व्यावसायिकांना दाखवून बघा. पण त्यांची गिऱ्हाइकं गूगल मॅप आणि व्हॉट्सॲपवरून येतात, त्यामुळे फार मोठी रक्कम धरू नका. विमानतळाचं अधिकृत नाव, लघुरूप किंवा चालवणाऱ्या कंपनीचं नाव त्यात असेल तर ते नाव सोडून द्या. आणि प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या नावाचं काही घेतलं असेल तर तेही सोडा. विमानतळाला जे नाव मिळावं म्हणून इथले भूमिपुत्र रस्त्यावर उतरले, ते नाव अडवून पैसे मागणं मला पटत नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सांगितलं की डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळतं. नावांवरचे वाद लवादापुढे सोडवण्यासाठी डॉट कॉमला यूडीआरपी ही नियमावली आहे, डॉट इनला ती नावं सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेची आयएनडीआरपी. समोरच्याचा ट्रेडमार्क, तुमचा त्या नावावर हक्क नाही आणि तुमचा हेतू वाईट, एवढं त्याने लवादापुढे दाखवलं की नाव जातं, मोबदला शून्य. २०२४ चं जिओहॉटस्टार डॉट कॉमचं प्रकरण आठवतंय ना? दिल्लीच्या एका डेव्हलपरने दोन कंपन्या एकत्र येणार हे ओळखून नाव आधीच घेतलं आणि बदल्यात केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. कंपनीने दिला नाही. नाव नंतर दुबईच्या दोन भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते फुकट द्यायची तयारी दाखवली. हुशारीचं कौतुक झालं, पण तो धंदा नव्हे. नाव घेण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर फुकटात शोधता येतं. तो शोध चुकवू नका.

एक्स्टेंशनबद्दल, म्हणजे नावाच्या शेवटी येणाऱ्या डॉट कॉम, डॉट इन अशा भागाबद्दल थोडक्यात. सुरुवात डॉट कॉम आणि डॉट इनवरच करा. पहिल्या वर्षी ९९ रुपयांत मिळणारी रंगीबेरंगी एक्स्टेंशन्स दुसऱ्या वर्षी कित्येक पट पैसे मागतात. डॉट एआयला मागणी आहे, पण नोंदणीच किमान दोन वर्षांची आणि महाग, त्यामुळे चुकीचं नाव घेतलं तर फटका चांगलाच बसतो. डॉट भारत २०१४ मध्ये देवनागरीत आलं. मराठी शब्दांची सुंदर नावं त्यात आजही मोकळी आहेत आणि मला त्याचा जिव्हाळा आहे, पण गुंतवणूक म्हणून घ्यायला आज बाजार नाही. स्वतःचं काही उभं करायचं असेल तर मात्र जरूर घ्या.

नवीन नाव स्वतः रचून घेण्यापेक्षा मुदत संपलेली नावं बघायची सवय लावा. डॉट कॉमची मुदत संपली की ते काही आठवडे रजिस्ट्रारकडेच, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीकडेच असतं, याच काळात चांगली नावं लिलावात जातात. उरलेली ३० दिवस रिडेम्प्शनमध्ये (जुन्या मालकाला जादा पैसे भरून परत घेता येतात), मग ५ दिवस पेंडिंग डिलीट (कायमची काढून टाकण्याआधीची मुदत) आणि मग मोकळी. यादीत एखादं नाव आवडलं की आधी वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबसाइटांची जुनी रूपं साठवणाऱ्या साइटवर, त्याचा इतिहास बघा. मधल्या काळात त्यावर जुगाराची किंवा बनावट औषधांची साइट चालली असेल तर हात लावू नका. आणि नेमबायो या डोमेन विक्रीची नोंद ठेवणाऱ्या साइटवर तशाच नावांच्या जुन्या विक्रीचे आकडे बघितल्याशिवाय बोली लावू नका.

विक्रीच्या वेळी एक फसवणूक नेहमी होते. परदेशातून मेल येतो, हजारो डॉलर द्यायची तयारी असते, फक्त अमुक साइटवरून मूल्यांकनाचं प्रमाणपत्र आणा म्हणतात. ती साइट त्यांचीच असते आणि प्रमाणपत्राची फी हाच त्यांचा धंदा. खरा खरेदीदार प्रमाणपत्र मागत नाही, किंमत विचारतो. पैसे नेहमी नावाजलेल्या एस्क्रोमार्फत, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे धरून ठेवणाऱ्या तिसऱ्या कंपनीमार्फत घ्या, त्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून उघडा, मेलमधल्या लिंकवरून नाही. पैसे एस्क्रोत जमा झाल्याचं तिथे लॉगिन करून दिसल्याशिवाय ऑथ कोड, म्हणजे नाव दुसरीकडे हलवायला लागणारा गुप्त कोड, कुणालाही देऊ नका. नुकतं नोंदलेलं किंवा दुसरीकडून आणलेलं डॉट कॉम साधारण ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, हे खरेदीदाराला आधीच सांगा म्हणजे नंतर वाद होत नाही.

पूर्ण वेळ करणारी माणसं आहेत, पण त्यांच्याकडे हजारो नावं, चांगलं भांडवल किंवा दलालीचं जमलेलं काम असतं. तुमच्याकडे सलग दोन आर्थिक वर्षं रिन्यूअल वजा जाऊन घरखर्चाएवढी रक्कम उरली आणि वर वर्षभराचा खर्च बाजूला पडला, तर तेव्हा पुन्हा विचार करा. तोपर्यंत रोज रात्री तासभर पुरे.

शेवटचं कागदपत्रांचं. प्रत्येक नावाची खरेदी आणि रिन्यूअलची बिलं पहिल्या दिवसापासून जपून ठेवा, कारण तोच तुमचा खर्च. तुमच्या कंपनीच्या धोरणात जोडधंद्याला परवानगी आहे का तेही बघून घ्या, आयटीत हे कलम बऱ्याचदा असतं. डॉलरमध्ये पैसे आले की बँकेकडून परकीय चलन आल्याचा दाखला मागून घ्या. आणि सीएला जुलैमध्ये रिटर्न भरताना नाही, पहिली विक्री झाली की त्याच आठवड्यात भेटा.