बँकॉकहून आणलेल्या पांढऱ्या क्वाओ क्रुआच्या गोळ्या पाळी गेल्यावर घ्याव्यात का? तो आपला विदारीकंदच ना?

ताई, नणंदेनं प्रेमानं आणलेली बाटली तशीच पडून राहू नये असं वाटणं साहजिक आहे. शिवाय रात्री अंगातून गरम वाफा निघून झोप उडते ती वेगळीच. पण हा विदारीकंद नव्हे, त्याचा जवळचा भाऊबंद आहे. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही गोळी घेऊ नका.

मी वनस्पतीशास्त्र शिकवते, म्हणून आधी नावाचा घोळ सोडवते. उत्तर थायलंडमध्ये 'क्वाओ' म्हणजे पळस आणि 'क्रुआ' म्हणजे वेल. च्यांग माई प्रांताचं फूलही पळसच. आपल्या जंगलांतली जी पळसवेल, तीच तिकडची लाल क्वाओ क्रुआ. ती पुरुषांसाठी वापरतात. तुमच्या बाटलीतली पांढरी ही वेगळीच वनस्पती. पळसाला पाने तीन, तशी हिच्याही पानाला तीन पर्णिका, त्यामुळे सुरुवातीला शास्त्रज्ञांनीही तिला पळसाच्याच वंशात घातलं होतं. १९५२ साली तिला प्युरेरिया मिरिफिका हे नाव मिळालं. विदारीकंद म्हणजे प्युरेरिया ट्यूबरोसा. वंश एक, जाती दोन.

औषध म्हणून वापरतात तो तिचा कंद. लुआंग अनुसान सुन्तोन यांनी १९३१ मध्ये च्यांग माईत या कंदावर एक पुस्तिका काढली. म्हातारपणी अंगात पुन्हा तरतरी यावी म्हणून रोज मिऱ्याएवढी एक गोळी, असं त्यात सांगितलं होतं. तरुणांनी हे घेऊ नये, असंही त्यातच बजावलं होतं. हा इशारा मला फार मोलाचा वाटतो. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या शरीरातलं संप्रेरक, हा शब्द गावी नसताना त्या काळच्या जाणकारांनी त्याचा परिणाम नेमका ओळखला होता.

कारण या कंदात खरोखरच इस्ट्रोजेनसारखं काम करणारी द्रव्यं आहेत. सोयाबीनमध्ये असतात ते डेडझीन आणि जेनिस्टीन आहेतच, पण खरा जोर मिरोएस्ट्रॉल आणि डीऑक्सिमिरोएस्ट्रॉल यांचा. पेशीत इस्ट्रोजेन जिथे जाऊन चिकटतं त्या जागांवर, म्हणजे ग्राहींवर, ती जाऊन बसतात आणि सोयाबीनमधल्या द्रव्यांपेक्षा कितीतरी जोरानं काम करतात. म्हणून 'झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार' हा हिशेब इथे चालत नाही. विदारीकंद आपल्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात, त्या अनुभवावरून या कंदाचा अंदाज बांधू नका.

गुण येतो का? येतो. बँकॉकमध्ये पाळी गेलेल्या बायकांना रोज २० ते ५० मिलिग्रॅम असं २४ आठवडे देऊन पाहिलं, तेव्हा योनीमार्गाचा कोरडेपणा कमी झाला. गरम वाफा कमी झाल्याचं दुसऱ्या लहान चाचण्यांत दिसलं. पण या चाचण्यांत माणसं थोडी होती आणि त्या काही महिन्यांतच संपल्या. पाच-दहा वर्षं घेतल्यावर स्तनांवर आणि गर्भाशयाच्या अस्तरावर काय परिणाम होतो, ते त्यांतून कळत नाही.

जपानमध्ये ही पावडर स्तन मोठे करण्याच्या नावाखाली तरुण मुलींना विकली गेली. पाळी बिघडल्याच्या, अवेळी रक्तस्राव झाल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की २०२० पासून तिथे तिच्यावर विशेष नियम लागू झाले. माझ्या मनात राग आहे तो या विक्रीबद्दल, कंदाबद्दल नाही. थायलंडमध्ये रोजची मर्यादा १०० मिलिग्रॅम धरतात; तुमच्या बाटलीवर एका गोळीत किती आहे ते बघा. पण तो आकडाही पावडरीचा. आतलं मिरोएस्ट्रॉल कंदाच्या जागेनुसार आणि हंगामानुसार कमीजास्त होतं.

तुम्हाला किंवा आई-बहिणीला स्तनाचा वा गर्भाशयाचा कर्करोग झाला असेल, पायात रक्ताची गुठळी झाली असेल, स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन हे औषध चालू असेल, तर बाटली सरळ बाजूला ठेवा. यातलं काही नसेल तरी ती घेऊनच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. आणि चार-सहा गोळ्या आधीच घेऊन झाल्या असतील व पाळी गेल्यानंतर डागभर जरी रक्त दिसलं असेल, तर त्याच आठवड्यात तपासून घ्या.