बाबाकडून आला की वेगळाच वागतो

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

‘तिकडून आला की दोन दिवस तो माझा नसतोच, मॅडम. नक्की काहीतरी भरवत असणार त्याच्या मनात.’ आईने पर्समधून वही काढली. चार महिन्यांच्या नोंदी, तारखेनिशी. रविवारी रात्री जेवला नाही. सोमवारी दप्तर फेकलं. ‘मला सारखं विचारू नकोस’ म्हणून ओरडला. मुलगा आठ वर्षांचा. आईबाबा वेगळे होऊन दीड वर्ष झालेलं, दर शनिवारी सकाळी बाबाकडे आणि रविवारी संध्याकाळी परत. या भेटी बंद कराव्यात का, एवढंच तिला विचारायचं होतं.

वेगळे झालेले पालक हा प्रश्न घेऊन वरचेवर येतात. कबूल करते, त्या पहिल्या तासात मी मनातल्या मनात आईच्या बाजूची होऊन बसले होते. वही इतकी नीटनेटकी होती!

पुढच्या आठवड्यात बाबा आले. वही नव्हती, तक्रार मात्र तीच. शनिवारी आला की दुपारपर्यंत तोंड फुगवून बसतो, धड बोलत नाही, ‘तिनेच शिकवून पाठवलेलं असतं.’ दोघांची वाक्यं शेजारी ठेवली असती, तर कुठलं कुणाचं हे मलाही सांगता आलं नसतं.

मुलासमोर मी कागद आणि खडू ठेवले. या वयाच्या मुलांना समोर बसवून प्रश्न विचारले, तर बहुतेक वेळा ‘माहीत नाही’ एवढंच हाती लागतं. त्याने दोन घरं काढली, मध्ये रस्ता, रस्त्यावर तो स्वतः आणि पाठीवर जवळजवळ घराएवढी बॅग. एका घराच्या खिडकीत मांजर होतं.

‘हे कुणाचं?’

त्याने आधी दाराकडे पाहिलं. ‘बाबाकडे येतं. आईला सांगू नका. तिथलं इथे सांगायचं नसतं.’

‘असं कोण म्हणालं?’

‘कुणीच नाही. मलाच कळलं.’

बाबाचं नाव निघालं की आई गप्प होते. आईचं निघालं की बाबा म्हणतो, बरं, दुसरं काहीतरी सांग. एवढ्यावरून त्याने नियम बनवला होता आणि तो काटेकोर पाळत होता. चार महिन्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या आईला ते मांजर ठाऊकच नव्हतं.

मोठ्यांना वाटतं, मूल या घरातून त्या घरात जातं म्हणजे फक्त जागा बदलते. प्रत्यक्षात दर खेपेला एकाला सोडून यावं लागतं आणि सोडल्याचं दुःख दुसऱ्याला दाखवायचं नाही, हेही सांभाळावं लागतं. चिडचिड, पोटदुखी, न जेवणं, लहान मुलांत पुन्हा अंथरूण ओलं करणं हे पुष्कळदा त्या ये-जा करण्याचं ओझं असतं. तेवढ्यावरून पलीकडच्या घराविरुद्ध निकाल देता येत नाही.

मॅव्हिस हेदरिंग्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा कुटुंबांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. गंभीर भावनिक किंवा सामाजिक अडचणी घटस्फोटित पालकांच्या सुमारे २५ टक्के मुलांत दिसल्या, एकत्र राहणाऱ्यांच्या सुमारे १० टक्के मुलांत. फरक लहान नाही, पण बहुतेक मुलं सावरतात हेही त्याच आकड्यांत आहे. मुलांना सर्वांत जास्त पोखरतं ते वेगळं झाल्यानंतरही चालू राहिलेलं भांडण.

त्यामुळे भेटी बंद करा असं मी म्हणाले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात दोन्ही पालकांशी नियमित संपर्क हा मुलाचा हक्क मानला आहे, त्याच्या हिताच्या आड येत नसेल तर. मुलाला मारहाण होत असेल, तो जाण्याच्या नावानेच घाबरत असेल, अंगावर खुणा असतील, तर गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे आधी सुरक्षितता, बाकी सगळं नंतर. इथे तसं काही आढळलं नाही.

बदललं ते दारातलं देणं-घेणं. तिथल्या पाच मिनिटांत उशीर, फी, राहिलेलं स्वेटर असं सगळं निघायचं आणि मुलगा मध्ये उभा. आता बाबा शुक्रवारी शाळेतून नेतात, सोमवारी शाळेतच सोडतात. त्यासाठी दर आठवड्याची एक रात्र जाऊन एक आठवडा आड तीन रात्री झाल्या. यावर तीन बैठका गेल्या. आईला तीन रात्री सलग सोडणं आणि बाबांना मधला आठवडा रिकामा जाणं, दोन्ही झोंबलं. मधल्या बुधवारी फोन ठरला. कपडे, ब्रश दोन्हीकडे, म्हणजे बॅग हलकी. शाळा आणि तब्येतीचे निरोप आईबाबांनी एकमेकांना लिहायचे, मुलाच्या तोंडी द्यायचे नाहीत. आणि घरी आल्यावर पहिला अर्धा तास एकही प्रश्न नाही. आई म्हणाली, ‘हे सगळ्यात अवघड आहे.’ होतंच. वही तिने तिसऱ्या महिन्यात बंद केली, मी सांगितलं नसताना.

चिडचिड पूर्ण गेलेली नाही. सोमवारी अजूनही कधीकधी दप्तर आपटलं जातं. पण मागच्या भेटीत आई सांगत होती, शाळेतून आल्या आल्या त्याने स्वतःहून मांजराची गोष्ट काढली, बाबाच्या चपलेत झोपलं होतं म्हणे.

‘मग तुम्ही काय केलंत?’

‘हसले. पण खरं सांगू मॅडम, फार जड गेलं हसायला.’