नाचणाऱ्या घोड्यांमुळे सिबारिस बुडाले का?

प्रश्न : सिबारिस या श्रीमंत ग्रीक वसाहतीने आपल्या घोड्यांना बासरीच्या सुरांवर नाचायला शिकवले होते, शत्रूने ऐन लढाईत बासऱ्या वाजवल्या आणि घोडदळ नाचू लागल्याने नगर पडले, असे वाचनात आले. हे खरे मानावे काय?
– एक वाचक, शनिवार पेठ, पुणे

उत्तर : सिबारिसचे वैभव खरे आणि त्याचा विनाशही खरा, बासरीची गोष्ट मात्र जपूनच घ्यावी. ती सांगणारा ग्रीक लेखक अथेनिअस इसवी सन 200 च्या सुमाराचा, म्हणजे घटनेनंतर सुमारे 700 वर्षांनी लिहिणारा. नवे पक्वान्न शोधणाऱ्या आचाऱ्याला त्यावर वर्षभराचा एकाधिकार मिळे, झोपमोड नको म्हणून ठोकाठोक करणाऱ्या कारागिरांना आणि कोंबड्यांना नगरात मज्जाव होता, हे किस्सेही त्याच्याच ग्रंथातले. ऐकायला मौजेचे आहेत, पण त्यांत उपदेशाचा मसाला जास्त.

इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावर, क्राथिस आणि सिबारिस या नद्यांमधल्या सुपीक मैदानात, इ.स.पू. 720 च्या सुमारास ग्रीसच्या अखाइया प्रांतातील ग्रीकांनी ही वसाहत वसवली. शेतीला आशिया मायनरमधील मिलेटस या ग्रीक नगराशी चालणाऱ्या व्यापाराची जोड मिळाली आणि नगर इतके वाढले की त्याने पश्चिम किनाऱ्यावर स्वतःचीच पोसिडोनिया ही वसाहत उभी केली. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोच्या म्हणण्यानुसार 25 नगरे त्याच्या अंकित होती. त्याने दिलेला 3 लाख सैन्याचा आकडा मात्र फुगवलेलाच दिसतो.

घात झाला तो घरातल्या दुफळीने. ग्रीक इतिहासकार डायोडोरसच्या वृत्तान्तानुसार टेलिस या पुढाऱ्याने 500 धनिकांना हद्दपार करून त्यांची मालमत्ता जप्त केली. त्यांनी शेजारच्या क्रोटोन नगरात आसरा घेतला आणि टेलिसने त्यांना परत मागताच, पायथागोरसच्या सल्ल्यावरून क्रोटोनने शरणागतांना सोपवण्यास नकार दिला. इ.स.पू. 510 मध्ये युद्ध झाले. क्रोटोनचे नेतृत्व होते ऑलिंपिकविजेता मल्ल मिलो याच्याकडे. लढाई जिंकल्यावर क्रोटोनकरांनी नगर लुटले आणि, स्ट्रॅबो सांगतो त्याप्रमाणे, त्यावर नदीचा प्रवाह वळवला. इतिहासकार हेरोडोटस क्राथिसच्या कोरड्या पात्राचा उल्लेख करतो, आणि पुढे त्याच परिसरात वसलेल्या थुरी नगरात तो स्वतः राहिला होता, म्हणून या तपशिलाला वजन आहे.

हे नगर 1960 च्या दशकातील उत्खननांत कित्येक मीटर गाळाखाली सापडले. पानशेतच्या पुरानंतर घराघरांतून गाळ उपसलेल्या जुन्या पुणेकरांना त्या कामाची कल्पना येईल. जानेवारी 2013 मध्ये क्राथिसने काठ फोडून तेच उत्खननस्थळ पुन्हा चिखलात बुडवले.