बीटी-सीटी नॉर्मल आली म्हणजे दाढ काढल्यावर रक्त जास्त जाणार नाही ना?

तुमच्या आईच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेला, ॲसिट्रॉम (रक्त पातळ करणारी गोळी) सुरू, आणि गावातल्या लॅबची बीटी-सीटी (रक्त थांबायला आणि गोठायला लागणारा वेळ) नॉर्मल. त्या कागदावर भरवसा ठेवू नका. आपल्याकडे तालुक्याच्या गावी अजूनही दात काढण्याआधी हाच कागद मागतात, आणि हे बंद व्हायला पाहिजे.

बोटाला सुई टोचून दर अर्ध्या मिनिटाला टिपकागद लावायचा, डाग पडेनासा झाला की बीटी. काचेच्या बारीक नळीत रक्त घेऊन तुकडे मोडत जायचं, धागा दिसला की सीटी. आता सौम्य हिमोफिलियाचा, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजाराचा पोरगा घ्या. रक्त गोठवणारा फॅक्टर ८ दहा-पंधरा टक्केच, तरी दोन्ही आकडे नॉर्मल येतात. प्लेटलेट शाबूत असतात म्हणून बीटी बिघडत नाही, आणि सीटी लांबते ती फॅक्टर पार एक-दोन टक्क्यांवर आल्यावर. दाढ निघते, बोळा चावून रक्त थांबतं, पोरगा एसटीनं घरी जातो. प्लेटलेटची कच्ची गाठ काही तास धरते. तिला पक्की करणारं फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं नीट बसत नाही म्हणून रात्री सुटते. सकाळी खाचेवर काळपट लाल, कलेजीसारखा लिबलिबीत गोळा, आणि त्याच्या कडेनं रक्त पाझरतच असतं. घरचे तो गोळा जपतात. डॉक्टरनं तो काढून खाच धुतल्याशिवाय दाब खालपर्यंत पोचत नाही.

असा पोरगा सापडतो तो विचारपूस केल्यावर. आधी दात काढला तेव्हा दुसऱ्या दिवशीपर्यंत रक्त गेलं का? नाक दहा मिनिटांच्या वर वाहतं का? मार न लागता काळे-निळे डाग? बाई असेल तर पाळी आणि बाळंतपण. मामाकडचं जरूर विचारा, हिमोफिलिया आईकडून येतो. दारू किती, कावीळ झाली होती का, तेही. गोळ्यांची नावं तोंडी ऐकू नका, गोळ्यांच्या पट्ट्या पाहा.

आईचं म्हणाल तर पीटी-आयएनआर (गोळीनं रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी तपासणी) करा, शक्यतो दाढ काढण्याच्या २४ तासांच्या आत. चारच्या खाली असेल तर एक-दोन दाढा गोळी न थांबवता काढता येतात. परस्पर गोळी बंद करू नका, व्हॉल्व्हवर गुठळी झाली तर जीवावर बेतेल. खाचेला टाके घालून घ्या. ट्रॅनेक्झामिक ॲसिडची ५०० मिलिग्रॅमची गोळी १० मिली पाण्यात कुटून त्यात भिजवलेला गॉज अर्धा तास चावायचा. लाळ गाठ विरघळवते, हे औषध ते रोखतं. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही मोजकंच, आयब्रुफेन नको. चूळ आणि थुंकणं दिवसभर बंद. खर्रा असेल तर तोही.

आयएनआर फक्त ॲसिट्रॉम-वॉरफरिनसाठी. ॲपिक्सॅबॅनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांचा परिणाम त्यात नीट दिसत नाही, आणि हिमोफिलियाही दिसत नाही. हिमोफिलियासाठी एपीटीटी (रक्त गोठण्याची वेगळी तपासणी) आणि फॅक्टरची तपासणी लागते. दाढ सकाळीच काढा, म्हणजे रक्त सुटलं तर उजेडी सुटेल आणि दवाखाना उघडा असेल.