वाकळीसारखे थर घ्या, एकच जाड कोट नको

प्रवासाची पिशवी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. मी अमळनेरला राहते, वय ५९, शाळेतून निवृत्त झाले. लेक-जावई स्कॉटलंडमध्ये, एडिंबराला असतात. १२ सप्टेंबरला मी आणि हे चोवीस दिवसांसाठी निघतोय. शेवटचे पाच दिवस सगळे मिळून स्वित्झर्लंडला, युंगफ्राऊच्या बर्फाच्या डोंगरावर जाणार आहोत. लेक म्हणते, ‘आई, एकच लहान बॅग आण. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही.’ आणि तीच म्हणते, की तिथे एका दिवसात ऊन, पाऊस, वारा सगळं होतं. मग एका बॅगेत हे सगळं बसवायचं कसं? मी कायम साडीच नेसते, गुडघे दुखतात. ह्यांनी थंडीसाठी मोठा लोकरी कोट घ्यायचं ठरवलंय. शेजारणी तर आतापासूनच पापड-कुरडया आणून देताहेत.

उत्तर : ताई, लेकीचं ऐका. तसला जिना मी चढले आहे. एडिंबरातल्या जुन्या दगडी इमारतींमध्ये गोल वळणाचे दगडी जिने असतात, मधोमध पायऱ्या झिजलेल्या. माझा मुलगाही तिथेच राहतो. २०१७ च्या एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा गेले, तेव्हा तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा होत्या. तिथल्या जुन्या गल्ल्यांत रस्त्याला चौकोनी दगड बसवलेले आहेत. त्यावरून ओढताना एका बॅगेचं चाक निखळलं. मग मुलगा एकेक बॅग खांद्यावर घेऊन वर चढला आणि मी खाली दुसरीजवळ उभी राहिले. तो धापा टाकत खाली आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना. परत आल्यावर बॅग रिकामी करताना बघितलं, तर अकरा कपड्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तेव्हापासून घरी आले, की न वापरलेल्या वस्तू मी वहीत लिहून ठेवते. २०२४ ला चौथ्यांदा गेले तेव्हा माझी बॅग घरच्या काट्यावर ९ किलो ४०० ग्रॅम भरली. तीन आठवडे राहिले, काही कमी पडलं नाही.

आता कोटाचं. कृपा करून ह्यांना तो घेऊ देऊ नका. जळगावात पस्तीस वर्षं माझं शिवणाचं दुकान होतं, म्हणून कापडाचं मी खात्रीने सांगू शकते. त्या पहिल्या खेपेला मीही तसलाच कोट नेला होता, कोरडा असताना एक किलो नऊशे ग्रॅम. तिसऱ्या दिवशी भर उन्हात बाहेर पडलो आणि अर्ध्या तासात पाऊस आडवा यायला लागला. आडवा म्हणजे खरंच आडवा, वाऱ्याबरोबर तोंडावर. कोटाने पाणी पिऊन घेतलं. खांदे ओढायला लागले आणि पुढे दोन दिवस तो हीटरजवळ खुर्चीवर वाळत होता. ते दोन दिवस ऊब देणारं दुसरं काहीच जवळ नव्हतं, म्हणून मी घरातच बसले.

आपल्या आज्या वाकळ शिवायच्या, आठवते ना? जुन्या लुगड्यांचे सात-आठ पदर एकावर एक अंथरायचे आणि धावदोऱ्याने गच्च भरायचे. त्यातलं एकेक लुगडं विरलेलं असतं, उजेडाला धरलं तर आरपार दिसतं. पण पौषातल्या रात्री तीच वाकळ अंगावर घेतली की थंडी आत येत नाही. ऊब त्या जुनेराची नसते. दोन पदरांच्या मध्ये जी हवा कोंडून राहते ना, ती ऊब धरते. परदेशातल्या बदलत्या हवेसाठी अंगावर हीच वाकळ करायची. फरक इतकाच, की हिचा एकेक पदर काढता-घालता यायला हवा. ऊन पडलं की एक काढून पिशवीत, ढग आले की पुन्हा अंगात.

तीन थर पुरतात. अंगालगतचा पातळ थर्मल, म्हणजे थंडीत आतून घालायचा घट्ट कपडा, शक्य असेल तर मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचा, नाहीतर पॉलिस्टरचा. सुती मुळीच नको. आपल्याकडे उन्हाळ्यात सुती कापड घाम पितं म्हणून आपण त्याला देव मानतो, पण थंडीत त्याच गुणाचा अवगुण होतो. ओलं सुती कापड लवकर वाळत नाही, आणि पाणी हवेच्या साधारण पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. मेरिनोला घामाचा वासही लवकर धरत नाही, तीन-चार दिवस न धुता चालतं. मधला थर फ्लीसचा, म्हणजे मऊ लव असलेल्या हलक्या पॉलिस्टर कापडाचा, समोर चेन असलेला. डोक्यातून घालायचा घेऊ नका, साडीवर काढघाल करताना पदर विस्कटतो. माझा ३०० ग्रॅमचा आहे. सगळ्यात वर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट, टोपीवालं, कमरेच्या खाली येणारं. त्याच्या आत पदर आणि फ्लीस दोन्ही बसले पाहिजेत, म्हणून एक माप मोठं घ्या. छत्री नेऊ नका. तिथल्या वाऱ्यात माझी पहिल्याच वळणावर उलटी झाली होती.

हे जॅकेट घेताना दुकानात ते उलटं करून बघा. सुई जिथून जाते तिथे कापडाला भोक पडतंच, मग टाका कितीही बारीक असो. म्हणून चांगल्या जॅकेटला आतून प्रत्येक शिवणीवर बोटभर रुंदीची, गुळगुळीत पट्टी उष्णतेने चिकटवलेली असते. खांद्यावर, काखेत, टोपीच्या जोडावर बोट फिरवून बघा. पट्टी सलग लागली तर घ्या. नुसती उघडी शिवण दिसली तर कापड कितीही चांगलं असो, पाऊस त्या भोकांतून आत येणार आणि पहिले खांदेच भिजणार. जुन्या जॅकेटची पट्टी सुटत असेल तर तेही नको. दोनदा पैसे खर्च करून मी हे शिकले.

साडीचं सांगते, कारण याचं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. थर्मलवर ब्लाउज बसत नाही, बाही काखेत कचते. म्हणून ब्लाउजच घालू नका. पूर्ण बाह्यांचा, बंद गळ्याचा थर्मलच ब्लाउज म्हणून वापरा. काळा एक आणि मरून एक घेतला तर सगळ्या साड्यांवर जातो. परकर सुती नको, सॅटीनचा घ्या. त्याच्या आत थर्मलची लेगिंग. घेर कमी करू नका, जिने चढायचे आहेत. साड्या तीनच, जॉर्जेट किंवा मऊ रेशमी. आणि जायच्या आधी त्या तीन साड्यांचा फॉल उसवून टाका. फॉल बहुतेक वेळा सुती असतो. फुटपाथवरचं पाणी तो वातीसारखं वर ओढतो आणि निऱ्या गुडघ्यापर्यंत गार होतात. साडी नेहमीपेक्षा चार बोटं वर नेसा, खाली लोकरी मोजे आणि बूट. पदराच्या बारीक निऱ्या करून खांद्याला पिन लावा, म्हणजे जॅकेट वर नीट बसतं. परकराच्या नेफ्याखाली, आतल्या बाजूने चेन लावलेला एक चोरखिसा शिवून घ्या, पासपोर्ट मावेल एवढा. तुमच्या गावातली कुठलीही शिवणारी बाई अर्ध्या तासात करून देईल.

एडिंबराला सप्टेंबरमध्ये दुपारी साधारण १६-१७ अंश आणि पहाटे ९-१० असतं. आपल्या खान्देशात डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे याहून जास्त गारठा पडतो, तेव्हा आकड्यांना घाबरू नका. त्रास वाऱ्याचा आणि ओलेपणाचा आहे. कधी कधी समुद्रावरून दाट धुकं शहरात शिरतं आणि लख्ख उन्हातला दिवस दहा मिनिटांत गारठतो. तिथले लोक त्याला ‘हार’ म्हणतात. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं असलं, तरी वरचं जॅकेट पिशवीत हवंच.

युंगफ्राऊची गोष्ट वेगळी. तुम्ही कधी शहाद्याहून तोरणमाळला गेला असाल तर खाली घाम आणि वर शाल, हा अनुभव असेलच. दर हजार मीटर चढलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी उतरते. पायथ्याचं इंटरलाकेन गाव ५७० मीटरच्या आसपास आणि वरचं, युंगफ्राऊयोखचं रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटरवर, म्हणजे खाली १८ अंश असतील तर दोनेक तासांच्या प्रवासात तुम्ही शून्याजवळ पोचता, आणि वर वारा. या एका दिवसासाठी कोट न्यायचा नाही. त्याच तीन थरांमध्ये, जॅकेटच्या आत, पिसांचं किंवा पॉलिस्टर भरलेलं हलकं जॅकेट घाला, जे वळकटी करून लोट्याएवढ्या पिशवीत बसतं. लेकीकडे असेल तर तिचंच घ्या. पिसांचं असेल तर भिजू देऊ नका, पिसं गोळा होतात आणि ऊब जाते. कानटोपी, हातमोजे आणि काळा चष्मा हवाच, बर्फावरचं ऊन डोळ्यांना फार लागतं. आणि ताई, त्या दिवशी साडी नको. वर बाहेरच्या बर्फावर पाय सरकतो आणि निऱ्यांमुळे पायाखालचं दिसत नाही. मी जन्मभर साडीच नेसले, पण त्या दिवशी सुनेची पँट घातली. उंचीवर दम लागतो, सावकाश चाला. दोघांपैकी कुणाला हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कपडे कमी नेले म्हणजे धुवावे लागणार. लेकीकडे मशीन असेल, प्रश्न स्वित्झर्लंडच्या पाच दिवसांचा. रात्री थर्मल धुवा, हाताने पिळा, मग कोरड्या टॉवेलवर पसरून दोन्हींची मिळून घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर उभं राहा. उरलेलं पाणी टॉवेल ओढून घेतो. सकाळी कपडे वाळलेले असतात. यासाठी दोन मीटर नायलॉनची दोरी न्या, आपली परकराची नाडीसुद्धा चालते.

पापड-कुरडयांचं मन मोडवत नाही, मला कळतं. शेजारणीने उन्हात बसून केलेली कुरडई असते ती. पण प्रत्येकीला आधीच सांगा, की एक वाटीभर द्या, लेकीला तुमच्या सगळ्यांच्या हातचं पोचेल. माझ्या वहीत न वापरलेल्या सामानात दर वेळी खाण्याच्या वस्तू सगळ्यात वर असायच्या, कारण पोरं दोघंच आणि दोन किलो पापड. कळण्याचं पीठ किलोभर, घरचा काळा मसाला पावशेर आणि केळीचे वेफर्स बस झाले. तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. अख्ख्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात घेऊन जाऊ देत नाहीत, त्यात तेल असतं, चटकन पेट घेतं.

बाकीचं थोडक्यात. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत, पॉवर बँकही तिथेच. स्कॉटलंडचा आणि स्वित्झर्लंडचा प्लग वेगवेगळा असतो, दोन्हींना चालेल असा एकच अडॅप्टर घ्या. बूट आणि सगळ्यात जड कपडे अंगावर घालून विमानात बसा. आणि निघायच्या आठवडाभर आधी बॅग भरून ती घराच्या जिन्यावरून तुम्ही स्वतः दोनदा वर-खाली करा. गुडघा बोलला, तर एक साडी आणि निम्मं पीठ काढा.

प्रश्न : माझा मुलगा ऑक्टोबरमध्ये शिकायला जर्मनीला जातोय. कडक थंडीचा कोट इथूनच घेऊन द्यावा का? (शिरपूर)

उत्तर : नको, भाऊ. ऑक्टोबरात तीन थर पुरतात. डिसेंबरच्या थंडीचा कोट तो तिथे गेल्यावर, तिथल्या मुलांना विचारून घेईल आणि तो तिथल्या हवेला धरून असेल. कोटासाठी ठरवलेले पैसे त्याच्याजवळ वेगळे द्या. इथून लोकरी मोज्यांचे चार जोड, थर्मलचे दोन जोड आणि एक पातळ चादर द्या. घरची, वापरलेली. नवी नको.

प्रश्न : प्रवासासाठी नवे बूट कधी घ्यावेत? (चोपडा)

उत्तर : निघायच्या किमान महिनाभर आधी. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. जे जाड मोजे घालणार तेच बरोबर न्या आणि ते घालूनच माप बघा. पुढे अंगठ्याला बोटाच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. मग रोज सकाळी पाटाच्या कच्च्या रस्त्याने तेच बूट घालून चाला. टाच चावते की नाही ते आठ दिवसांत कळतं, तोवर बदलून घ्यायला दुकान जवळ असतं.