वाचकांचे प्रश्न: गटारावरचे हलके झाकण

प्रश्न: आमच्या भागात गटारांवरील बिडाची जड झाकणे काढून त्यांच्या जागी फायबरची हलकी झाकणे बसवण्याचे घाटत आहे. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की आमच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते. अशा वेळी ही झाकणे तरंगून वाहून जाणार नाहीत का?
– एक निवृत्त शिक्षिका, पणजी

उत्तर: बाई, आपण नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले आहे. आपण ज्याला फायबर म्हणता ते काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर राळ यांचे मिश्रण असून ते उष्णता व दाब देऊन साच्यात घट्ट केलेले असते. एक घनमीटर बिडाचे वजन सुमारे ७२०० किलो भरते, तर या मिश्रणाचे साधारण १९०० किलो. म्हणजे हे झाकण पाण्यापेक्षा जडच असते आणि लाकडासारखे तरंगत नाही. मात्र तेवढ्यावरून निश्चिंत होता येणार नाही. पाण्यात बुडालेली वस्तू हलकी होते, हे आपण वर्गात शिकवलेच असेल. ८० किलोचे बिडाचे झाकण पाण्याखाली गेल्यावरही ६९ किलोंच्या आसपास राहते, पण ३० किलोचे फायबरचे झाकण जेमतेम १४ किलोंचे उरते.

त्यातच पणजीसारख्या सखल शहरात मांडवीला भरती आली की नाल्यांचे पाणी बाहेर पडण्याऐवजी मागे फुगते आणि गटारातला दाब खालून झाकणाला ढकलू लागतो. ६०० मिलिमीटर व्यासाच्या झाकणावर, आतल्या पाण्याची पातळी बाहेरच्या पाण्यापेक्षा अवघी १० सेंटिमीटर अधिक झाली, तरी सुमारे २८ किलोंचा जोर लागतो. कुलूप नसलेले हलके झाकण तेवढ्याने सहज उचलले जाईल आणि गढूळ पाण्याखाली उघडे तोंड कोणाला दिसणार नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: हलके झाकण अवश्य बसवावे, परंतु चौकटीला अडकणाऱ्या कुलपाशिवाय एकही बसवू नये. कुलपाची किल्ली सफाई कामगारांपाशी असावी, शिवाय पावसाळ्यापूर्वी प्रत्येक कुलूप उघडून, वाळू काढून, ग्रीस लावून पुन्हा बंद केले जावे. वाळूने जाम झालेले कुलूप कामगार एकदा तोडतो आणि नंतर ते झाकण तसेच मोकळे राहते.

मग हलक्या झाकणाचा आग्रह तरी का धरायचा? गेल्या मे महिन्यात एका बाजारपेठेत मी दोन कामगारांना बिडाचे झाकण उघडताना पाहिले. खाऱ्या हवेने ते चौकटीत गंजून बसले होते. एकाने पहारीवर सारे अंग टाकून कड इंचभर वर केली, दुसऱ्याने त्या फटीत दगड सरकवला, आणि दगड सरकवणाऱ्या हाताची चार बोटे क्षणभर पूर्णपणे झाकणाखाली होती. पहार निसटली नाही, एवढेच. ज्यांना पावसाळ्याआधी अशी झाकणे दिवसभर उघडावी लागतात, त्यांच्या पाठीचा आणि बोटांचा विचार निविदेत दराइतक्याच गांभीर्याने व्हायला हवा. शिवाय फायबर गंजत नाही आणि भंगारात त्याला किंमत नसल्यामुळे चोरीही बरीच कमी होते.

प्रश्न: आमच्या रस्त्यावर मालाचे ट्रक येतात आणि दुकानांसमोरची काँक्रीटची झाकणे वरचेवर फुटतात. फायबरची झाकणे हा भार सोसतील का?
– एक किराणा व्यापारी, म्हापसा

उत्तर: सोसतील, पण योग्य वर्गाची मागवली तरच. काँक्रीटच्या झाकणांसाठी असलेल्या आयएस १२५९२ या भारतीय मानकात २.५, १०, २० आणि ३५ टन असे वर्ग आहेत. फायबरच्या, म्हणजेच कॉम्पोझिट (मिश्र पदार्थाच्या) झाकणांवर बहुधा युरोपीय मानक ईएन १२४ मधील खूण असते: पादचारी जागेसाठी ए १५, पदपथ व मोटारींच्या वाहनतळासाठी बी १२५, रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यासाठी सी २५० आणि वाहत्या रस्त्यासाठी डी ४००. हे आकडे किलोन्यूटनमध्ये असतात, म्हणजे ४०० म्हणजे साधारण ४० टन. आपल्या रस्त्यावर ट्रकचे चाक झाकणावरून जात असेल तर डी ४०० पेक्षा कमी काही स्वीकारू नये. ही खूण झाकणाच्या अंगावरच उठवलेली असते. ती नसेल तर माल परत पाठवण्याचा आग्रह धरावा.

झाकण फुटण्याचे खापर मात्र दर वेळी झाकणावर फोडता येत नाही. चौकटीखालचा गिलावा खचला किंवा बैठकीवर खडी अडकली, की झाकण तीनच ठिकाणी टेकते, चाकागणिक खडखडते आणि अखेरीस तडकते. दुकानासमोर असा आवाज येऊ लागला, की तडा जाण्याची वाट न पाहता तक्रार करावी.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट पुरवठादाराच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर रस्त्यावरच जाळला जातो. बीड ती आच सोसते, पण पॉलिएस्टर राळ जळते आणि वरून केवळ काळवंडलेले दिसणारे झाकण आतून कमकुवत झालेले असू शकते. प्रतिमा झाकणापासून दूर जाळावी आणि आच लागलेले झाकण बदलून घ्यावे. हॉटमिक्स घालतानाही झाकणे डांबराखाली गाडली जाणार नाहीत याकडे लक्ष द्यावे, कारण लोखंडाचा अंश नसलेले झाकण धातुशोधक यंत्राने पुन्हा सापडत नाही.

प्रश्न: झाकण नाहीसे झाले की लोक त्या तोंडात झाडाची फांदी खोवतात. एवढे पुरेसे आहे का?
– एक विद्यार्थी, मडगाव

उत्तर: दिवसा, कोरड्या रस्त्यावर, तासाभरापुरते. रात्री ती दिसत नाही आणि पाणी चढले की वाहून जाते. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत मुंबईत एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला. त्यानंतर तेथे अनेक ठिकाणी झाकणाखाली संरक्षक जाळी बसवण्यात आली. झाकण कोणत्याही पदार्थाचे असो, अशी जाळी आपल्याकडेही हवी. तोपर्यंत उघड्या तोंडाभोवती पिंप किंवा बाक आडवे ठेवून त्यावर पांढरे कापड बांधावे, नगरपालिकेला लगेच कळवावे, आणि आत काही पडले तरी कोणालाही खाली उतरू देऊ नये. मलवाहिनीतील हायड्रोजन सल्फाइड वायू प्रमाण वाढले की प्रथम नाकाची संवेदनाच बधिर करतो, त्यामुळे वास येत नाही म्हणून आत धोका नाही, असे समजणे प्राणघातक ठरते.